न्याहारीच्या वडीचं गुलाबी पत्रक

अन्याय झाला तो परंड्याच्या एस.टी. स्टँडसमोर पाव भाजणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसावर. कधी झाला तेही सांगतो. मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, आठवडी बाजाराच्या दिवशी, कुर्डुवाडीची पहिली गाडी सुटायच्या आधी. कुणी केला? आमच्या पत्रकांत हा प्रश्न विचारायचा, खाली जागा सोडायची आणि मग जाड ठशात शत्रूचं नाव छापायचं, अशी रीत होती. इथं जाड ठसा लागणार नाही. मी केला.

मी कोण? मॅट्रिक होताच भाषिक राज्याच्या चळवळीत शिरलेला, उस्मानाबादच्या एका कोंदट खोलीत पत्रकं लिहायला शिकलेला पोरगा. शिकवणारे गृहस्थ आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. विडी ओढत, डोळे मिटून आमचा मजकूर ऐकायचे. म्हणायचे, "पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे. दुसऱ्या ओळीत वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. पुढं काय वाट्टेल ते लिहा, कुणी वाचत नाही." हे शिक्षण घेऊन मी परंड्याला परत आलो आणि शाळेत तात्पुरता मास्तर झालो. राज्याचा प्रश्न तिकडं मुंबई-पुण्याची मोठी माणसं लढवत होती. माझ्या हाताला लिहायची खाज सुटलेली, आणि गावात माझ्या तोलामोलाचा प्रश्न काही शिल्लक दिसेना.

प्रश्न मिळाला तो असा. चैत्रात सकाळची शाळा सुरू झाली. सातला प्रार्थना. तिसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना एक जण चक्कर येऊन पडला. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा शुद्धीवर आला. उपाशीपोटी आला होता. मी त्याच दिवशी ठरवलं, की ही न्याहारीची अनास्था खपवून घ्यायची नाही. पोरांच्या पोटात सकाळी काही सकस गेलंच पाहिजे.

आता खरं सांगायला हरकत नाही. पडलेला तो जण मी होतो. पोरं चांगली टणक होती. कोस-कोस चालत यायची, पण घरून निघताना भाकरी आणि ठेचा चेपून यायची. माझ्या डोक्यावर पाणी ओतणाऱ्या पोरानंच विचारलं होतं, "गुर्जी, तुमी भाकर खाऊन येत न्हाय व्हय?" पण ज्याच्या अंगात पत्रक भिनलंय त्याला एवढा पुरावा पुरत नाही. मी पडलो म्हणजे समाज पडला, असा माझा हिशेब.

उपाय माझ्याकडं तयार होता. सोलापूरला रद्दीच्या दुकानात मला एक आरोग्याचं पुस्तक मिळालं होतं. मूळ इंग्रजी, कुणीतरी मराठीत आणलेलं, पुढची पानं फाटलेली. त्यात एक प्रकरण होतं, 'फळे व ओट यांची भट्टीत भाजलेली न्याहारीची वडी'. सोबत चित्र होतं: टेबलाशी बसलेली गुबगुबीत मुलं, हातात आयताकृती वड्या. आमच्या शाळेत अशा गालांचं एकही मूल नव्हतं, ही गोष्ट मला सरळसरळ अन्याय वाटली.

ओट शोधायला मी बार्शीच्या पेठेत गेलो. भुसार मालाच्या व्यापाऱ्यानं चष्म्यावरून बघितलं.

"ओट म्हंजे जई. घोडा कुठल्या जातीचा हाय तुमचा?"

"घोड्याला नाही. विद्यार्थ्यांना पाहिजे."

"मास्तर हाय का तुमी?"

"हो."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तूरडाळ दाखवायला लागला.

जई मिळाली नाही. मी चवताळून घरी आलो आणि आईला म्हणालो, की आपल्या देशात लेकरांना घोड्याइतकंही नशीब नाही. आई जात्यापाशी बसली होती. म्हणाली, "ज्वारी हाय की. घोड्याला न घालता ठेवलीय तुझ्यासाठी."

असं ओटाच्या जागी ज्वारी आली. आईनं ती भिजवली, निथळवली, कढईत भाजली आणि उखळात हलक्या हातानं चेचली. चपटे, खमंग तुकडे झाले. माझं काम पुस्तकातलं मोठ्यानं वाचायचं. "यात फळं घालायची," मी म्हणालो. चैत्रात परंड्याला फळं म्हणजे माळवदावर वाळवलेली बोरं, बाजारातली केळी आणि चिकट खजूर. बोरांच्या बिया आईनं काढल्या. शेंगदाणे तिनं न विचारता टाकले. गुळाचा पाकही तिनंच केला.

"न्याहारीला भाकर हाय," ती मध्येच म्हणाली. "ती काय वंगाळ हाय?"

"आई, भाकरीत जीवनसत्त्वं कमी असतात."

"बरं. आन् ह्या वडीत काय हाय?"

"ज्वारी."

"आन् भाकरीत?"

मी पान उलटलं.

भाजायला भट्टी पाहिजे. गावात भट्टी एकच, चाचांची. स्टँडसमोर पत्र्याच्या छपराखाली विटांची, मातीनं लिंपलेली, घुमटासारखी. चाचा साठीच्या पुढचे, दाढी मेंदीनं लाल, बंडीवर कायम मैद्याचे डाग. सबंध गाव त्यांना चाचाच म्हणायचं. दुपारी भट्टी पेटवायची, निखारे बाजूला ओढून पाव लावायचे, दिवस मावळायच्या आत काढायचे आणि सकाळी पहिल्या गाडीपासून विकायला बसायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्यांचा पाव स्टँडावरचा हॉटेलवाला घ्यायचा, बाजारकरू घ्यायचे, आणि ज्यांच्या घरी कधीच पाव येत नसे तेही कुणी तापानं पडलं की दुधात कुस्करायला घ्यायचे. मी स्वतः लहानपणी विषमज्वरातून उठलो तो त्या पावावर. हे माझ्या पत्रकात नव्हतं.

चाचांनी मला एकदा भट्टीचं मर्म सांगितलं होतं. "हिला रोज पेटवायची. विटा रात्रभर गरम राहतात, दुसऱ्या दिवशी थोड्या लाकडात भागतं. दोन दिवस थंड ठेवली, की दुप्पट लाकूड खाते. आठ दिवस ठेवली तर तडकायला लागते. तडकली की माझ्या वयाच्या माणसानं परत बांधायची नाही, घरी बसायचं." हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. म्हणून पुढचं जास्त लागतं.

वडीची गोष्ट काढल्यावर चाचा म्हणाले, "हौ बेटा, आण की. पाव निघाल्यावर भट्टी मोकळीच असते. तुझ्या लेकरांचं भाजून देतो. पैशाचं नाव काढायचं नक्को."

पहिल्या दिवशी मी त्यांचं ऐकलं नाही. पाव निघताच ट्रे आत घाला म्हणालो. चाचांनी भट्टीच्या तोंडात हात धरला, मनात आकडे मोजले, हात झटकन काढला. "अजून लई गरम हाय. थोडं थांब. गूळ हाय त्यात."

"चाचा, पुस्तकात थांबायचं लिहिलेलं नाही."

त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ट्रे आत सरकवला. बाहेर आला तो कोळसा. गुळाच्या वासानं स्टँडावरची कुत्री जमली आणि वास घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी थांबलो. वड्या सोनेरी निघाल्या, देखण्या. सुरीनं कापता येईनात. चाचांनी एक उचलून भट्टीच्या विटेवर हाणली. विटेचा टवका निघाला.

"मास्तर, हे खायाचं हाय का किल्ल्याच्या भिंतीला लावायचं?"

"पुस्तकात तूप घालू नका म्हटलंय. पचायला जड जातं."

"आन् हे हलकं जाईल?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला काहीतरी निमित्त काढून पाणी आणायला धाडलं. परत आलो तर ट्रे आत होता. त्या दिवसाच्या वड्या मऊ निघाल्या, कडेला कुरकुरीत, आतून बोर आणि केळ्याचा आंबटगोड दमटपणा, दाताखाली ज्वारी. मी म्हणालो, "बघा, पुस्तकाप्रमाणं केलं की जमतं." चाचा म्हणाले, "हौ." त्यांच्या बोटांना तूप लागलेलं होतं. त्यांनी ते बंडीला पुसलं.

शाळेत वड्या वाटल्या. पोरांनी एका घासात संपवल्या आणि डब्यातली भाकरी काढून बसली. त्यांच्या लेखी वडी म्हणजे खाऊ, न्याहारी म्हणजे भाकरी. गावात दाखवल्या तर खजूर आणि गूळ बघून बायका एकच विचारायच्या, "उपासाला चालती का?" ज्वारी आहे म्हटलं, की हात मागं. मुख्याध्यापकांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "चांगल्या आहेत. तुम्ही रोज खात जा. प्रार्थनेच्या आधी."

थोडक्यात, वडी चांगली होती आणि ती कुणाला नको होती. शहाण्या माणसानं इथं थांबावं. मी पत्रक लिहायला बसलो.

पहिल्या ओळीत शत्रू पाहिजे. मी उमेदवार तपासले. चहा? तो मी दिवसातून चारदा घेत होतो. भाकरी? भाकरीविरुद्ध लिहिलेलं पत्रक आईनं चुलीत घातलं असतं, आणि बहुधा त्यामागून मला. मग उरला पाव. पाव परका, पाव पांढरा, पावाच्या बाजूनं बोलणारं आमच्या घरात कुणी नाही. लेखणी सुटली. 'पालकहो, जागे व्हा! पाव नव्हे, हा पांढरा भामटा! तुमच्या लेकराच्या आतड्याला चिकटणारा मैद्याचा लगदा! तो कशात मळतात, कुणी पाहिलं आहे? पाव देणारी आई ही आई की वैरीण?' अशा ओळीमागून ओळी. उद्गारचिन्हं मी कधी मोजून घातली नाहीत. शेवटी लिहिलं: 'सकस न्याहारीची वडी मिळण्याचे ठिकाण: स्टँडसमोरील बेकरी, परंडा.'

होय. पाव खाऊ नका, आणि वडी मात्र पाववाल्याकडं घ्या. लिहिताना, वाचताना, बार्शीच्या छापखान्यात खिळे जुळवताना हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या पत्रकातला पाव हा कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या, बुटांनी कणीक तुडवणाऱ्या कारखान्याचा होता. चाचांचा पाव हा चाचांचा पाव. दोन्ही पाव एकच, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला प्रतिगामी म्हणालो असतो. छापणाऱ्यानं मजकूर वाचून नुसतं विचारलं, "बेकरीवाल्याशी भांडण हाय का?" मी म्हणालो, "छे, ते आपलेच आहेत." त्यानं गुलाबी कागद लावला, कारण तो स्वस्त होता.

अर्धा गठ्ठा मी बाजाराच्या आदल्या दिवशी चाचांना दिला. "वड्या यात बांधून द्या."

त्यांनी एक कागद डोळ्यांपासून लांब धरला. चाचा निजामाच्या राजवटीत शिकलेले. चार यत्ता, त्या उर्दूतून. उर्दू वर्तमानपत्र घडाघडा वाचायचे. मराठी बोलायचे आमच्यासारखीच, पण अक्षर ओळखायचे नाहीत, आणि ते त्यांना सांगायला आवडायचं नाही. नव्या राज्यात सगळ्या पाट्या, सगळे कागद एकदम बदलले होते. गावातली कितीतरी शिकलेली माणसं अशीच एका रात्रीत अडाणी ठरली होती. यावर खरं म्हणजे पत्रक लिहायला हवं होतं. मला सुचलं नाही.

"काय लिव्हलंय बेटा?"

मी सगळं वाचून दाखवायला हवं होतं. मी फक्त शेवटची ओळ वाचली. बाकीची का वाचली नाही? घाई होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. वाचायला तोंड उघडलं तेव्हा पहिल्या ओळीवर नजर गेली. मी नजर खाली नेली. एवढंच.

"स्टँडसमोरील बेकरी," चाचांनी माझ्यामागून म्हटलं. खूश झाले. "छापलंय?"

"छापलंय."

"मग नुसत्या वड्यांना कशाला? सगळ्याच मालाला बांधतो. लोकांना कळू दे."

मी काही बोललो नाही. हा अन्याय. बाजाराच्या दिवशी सकाळी तो फक्त लोकांच्या हातात पडला.

त्या सकाळी मी स्टँडावर उरलेली पत्रकं वाटत होतो. चाचांच्या फळीवर नेहमीपेक्षा जास्त माल होता, बाजार म्हणून. प्रत्येक पाव गुलाबी कागदात, नानकटाईसुद्धा. पहिला तासभर लोक घेत होते आणि जात होते, कारण वाचत कोण? मग एक बाई परत आली. कपाळभर कुंकू, कडेवर पोर, हातात कागद. तिच्यासोबत शाळेतली तिची थोरली मुलगी, माझ्याच वर्गातली. वाचणारी ती. मीच वाचायला शिकवलेली.

"चाचा, ह्ये काय? तुमीच इकता आन् तुमीच लिवता पाव खाऊ नका म्हून?"

"कुठं लिव्हलंय?"

"पोरीनं वाचलं. पाव देणारी वैरीण म्हनं. माझा सासरा तापानं फणफणलाय, त्याला दुधातून द्यायला नेला व्हता. म्या वैरीण?"

माणसं जमली. हॉटेलवाला फडकं खांद्यावर टाकून आला. चाचांनी तो कागद तिच्या हातून घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि गर्दीत मला शोधलं.

"मास्तर, सगळं वाच. मोठ्यानं."

मी म्हणालो, "चाचा, नंतर..."

"आत्ता वाच. माझ्या दुकानाचा कागद हाय."

मी वाचलं. आयुष्यात सभांतून पुष्कळ बोललो, पण स्वतःचं पत्रक त्यातल्या माणसासमोर उभं राहून वाचणं मला कुणी शिकवलं नव्हतं. 'तो कशात मळतात, कुणी पाहिलं आहे?' इथं आलो तेव्हा चाचांनी मागं बघितलं. मागं त्यांची लाकडी परात होती, घासून पालथी घातलेली, सगळ्या गावाला रोज दिसणारी. कुणीतरी हसलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो. स्टँडसमोरील बेकरी, परंडा.

चाचा म्हणाले, "लिव्हलंय जोरदार. काल येवढं का नाही वाचलं?"

त्यांनी फळीवरचा एक पाव उचलला, कागद सोडला, पाव त्या बाईच्या हातात ठेवला. "ने बेटी, सासऱ्याला दे. कागद ठेव हितं." मग दुसऱ्याचा कागद सोडायला लागले, मग तिसऱ्याचा. मीही सोडायला लागलो. तेवढ्यात कुर्डुवाडीची गाडी सुटली आणि तिच्यातून निदान दहा-बारा गुलाबी कागद गेले, मी माझ्या हातानं उतारूंना दिलेले.

पुढं काय झालं ते थोडक्यात. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं सुरू झालं, की सरकारनं पाव बंद केला. भूमला ती बातमी पोचली तेव्हा तीत पाव खाऊन एक माणूस मेलाही होता. हॉटेलवाल्यानं पाव घेणं थांबवलं. म्हणाला, "मला माहीत हाय काय खोटं काय खरं, पण गिऱ्हाईक विचारतंय, चाचा." मी संतापलो. कुणावर ते ठरत नव्हतं, पण संतापलो, आणि मला संतापल्यावर जे एकच काम येतं ते केलं. दुसरं पत्रक काढलं. 'पाव निर्दोष आहे!' हिरव्या कागदावर. ज्यांनी पहिलं वाचलं नव्हतं, त्यांनीही ते वाचून विचारलं, "निर्दोष म्हंजे? काय झालं व्हतं?" आई म्हणाली, "आता तिसरं काढू नगंस. चाचाला जगू दे."

वडी बंद झाली. चाचांनी केली नाही, मी केली. ते म्हणत होते, "आण की, भट्टी मोकळीच असते." ती आता दिवसचे दिवस मोकळी असायची. आधी एक दिवसाआड पेटायला लागली, मग आठवड्यात दोनदा. एकदा मी सकाळी गेलो तर चाचा ओली माती घेऊन घुमटाच्या एका रेघेवर बोट फिरवत होते. केसाएवढी रेघ. "काही नाही," म्हणाले, "थंडीत आखडली असंल." चैत्र-वैशाखात कसली थंडी?

मी दारोदार गेलो. कागद न घेता, हे त्यातल्या त्यात शहाणपण. आजही जातो. एकेका घरी बसून सांगतो, की ते मी लिहिलं होतं, खोटं लिहिलं होतं, तुम्ही परात पाहिलेली आहे. माणसं चहा पाजतात, मान डोलवतात, "व्हय मास्तर, आमाला ठावं हाय," म्हणतात, आणि पाव घेत नाहीत. त्यांना राग नाही, त्यांची सवय मोडलीय. ती मोडायला मला एक सकाळ पुरली. जोडायला चार वर्षं चाललीत आणि हॉटेलवाला एवढाच परत आलाय, तोही निम्म्या पावांवर. ती रेघ आता वीतभर लांब आहे. चाचा ती लिंपतात, ती परत उघडते. रोज पेटली तर टिकेल, असं ते म्हणतात. आठवड्यात दोनदा पेटून नाही टिकणार.

तेव्हा तुम्हाला सांगतो, हे वाचणाऱ्याला, मग तुम्ही परंड्याचे असा, भूमचे असा, की तुळजापूरला देवीला जाताना या वाटेनं जाणारे असा. माझ्याबद्दल हळहळू नका, मला हसायचं तर खुशाल हसा. पण गाडी परंड्याला थांबली की खाली उतरा. स्टँडसमोर जा. पाव घ्या, तिथंच उभं राहून लोकांच्या देखत खा, आणि जाताना घरच्यांसाठी आणखी न्या. गावात राहत असाल तर रोज घ्या, कुणी आजारी पडायची वाट बघू नका. उद्या नको. आजच जा.